पाकाची तार

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात मला स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंतच प्रवेश असतो. त्यापलीकडे सौभाग्यवतींचे राज्य. पंचवीस वर्षे मी वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवले, निवृत्तीनंतर नगरला येऊन दवाखाना चालवला (सरकारी कागदावर आमचे गाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या पिढीच्या जिभेला अजून सवय व्हायची आहे), परंतु कढईजवळ जाण्याचा परवाना काही मला मिळालेला नाही. तेव्हा मी आपला उंबरठ्याशी खुर्ची टाकतो, वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो आणि आतली गंमत पाहतो.

यंदा आत एक नवी उमेदवार होती. आमची नात. वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुटीला आली होती आणि रव्याच्या लाडवांचा पाक करण्याचे काम तिने हौसेने अंगावर घेतले होते.

"आजी, किती मिनिटं उकळायचा गं?"

"मिनिटं कसली मोजतेस? तार बघ."

"म्हणजे कशी?"

सौ.नी उलथन्यावरचा थेंब बशीत टाकला, निवू दिला, अंगठा नि तर्जनी यांच्यात धरला आणि बोटे हळूच विलग केली. बारीकसा धागा निघाला आणि तुटला. "ही अजून कच्ची. आणखी जरा थांब."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. इतकी वर्षे हे पाहत आलो, पण त्या दिवशी एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. आमच्या सौ.कडे प्रत्येक पदार्थाची परीक्षा निराळी आहे. पाकाची तार बघायची. चकलीचा काटा बघायचा आणि ती मोडताना होणारा आवाज ऐकायचा. करंजी कानाशी नेऊन हलवायची. आत सारण कमी असले की ती खुळखुळते. अनारशाची तर परीक्षा तुपातच; पीठ बिघडले असेल तर तो कढईत हसतो आणि करणारीला रडवतो. परंतु चकलीची कोणी तार काढत नाही आणि पाक कोणी कानाशी नेत नाही. जो गुण पाहायचा त्याला साजेल अशी परीक्षा. हे शहाणपण घरोघरच्या बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आम्ही डॉक्टर घडवणारी मंडळी मात्र ते फार उशिरा शिकलो.

दुपारी नात झोपाळ्यावर एक जाडजूड वही घेऊन बसली. चेहरा उतरलेला.

"काय गं, लाडू फसले?"

"लाडू झाले. हे फसलंय." तिने वही माझ्यापुढे केली. त्या वहीला लॉगबुक म्हणतात. 2019 साली भारतीय वैद्यक परिषदेने एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित केला, म्हणजे विद्यार्थ्याला काय माहीत आहे एवढ्यावर न थांबता त्याला काय करता येते तेही पाहायचे ठरवले, तेव्हापासून ही वही प्रत्येकाच्या काखेत आली. कोणते कौशल्य कितीदा केले, कोणापुढे केले, जमले की पुन्हा करावे, हे सारे तिच्यात लिहायचे आणि शिक्षकांची सही घ्यायची. एका पानावर शेरा होता : 'पुन्हा करावे'. कौशल्य : रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलणे.

"क्षयरोग म्हणजे काय ते मी त्या बाईंना अगदी बरोबर सांगितलं, आजोबा. जंतू, औषधं, सहा महिने, सगळं. सर पंधरा मिनिटं बाजूला बसून ऐकत होते. नंतर म्हणाले, 'सगळं बरोबर सांगितलंस, पण त्यांना काय कळलं ते एकदाही विचारलं नाहीस. त्या डबा घेऊन आल्या होत्या. एकाच ताटात जेवलं तर चालेल का, एवढंच त्यांना हवं होतं.' आता यात पुन्हा काय करायचं?"

मी गप्प राहिलो. 'सर बाजूला बसून ऐकत होते' या पाच शब्दांनी मला चाळीसएक वर्षे मागे नेले होते.

1980 नंतरच्या दशकातली गोष्ट. मी एका महाविद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. कोणते महाविद्यालय ते सांगत नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्या काळी शेवटच्या वर्षाची परीक्षा अशी असे : उमेदवाराला एक रुग्ण नेमून द्यायचा आणि पाऊण तास त्याच्यापाशी सोडायचे. त्याने विचारपूस करावी, तपासावे आणि मग परीक्षकांपुढे निदान मांडावे. या पाऊण तासात आम्ही परीक्षक कुठे असायचो? शेजारच्या खोलीत, चहा पीत.

रुग्ण आमच्याच पाथर्डी तालुक्यातला निघाला. तिशीचा, ऊसतोडीचा मजूर. लहानपणी घसा आणि सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्याने हृदयाची डावीकडची झडप अरुंद झाली होती. अशा रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे, छातीच्या डाव्या टोकाशी स्टेथोस्कोपची घंटी हलकेच टेकवावी, म्हणजे दूरवर जाते फिरावे तशी एक खोल घरघर ऐकू येते. परीक्षकांचा हा लाडका प्रश्न.

पहिला मुलगा आला तो चुणचुणीत. इंग्रजी अस्खलित. घरघर कुठे येते, कधी येते, कशी येते, सारे त्याने घडाघडा सांगितले. मी खूश होऊन भरघोस गुण दिले. त्याच रुग्णावर दुसरा मुलगा आला. बावरलेला, बोलताना अडखळणारा. म्हणाला, "सर, झडपेचा आजार असावा असं वाटतं, पण घरघर मला ऐकू आली नाही." मग हळूच पुढे म्हणाला, "सर, यांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं. ते चार महिने घेतलेलं नाही. टोळी कारखान्यावर गेली की..."

मी त्याला तिथेच थांबवले. "हृदयाबद्दल बोल. ऊसतोडीबद्दल नको."

तो गप्प झाला. त्याला मी उत्तीर्ण होण्यापुरतेही गुण दिले नाहीत.

गुणपत्रकावर सह्या झाल्या, पाकीट बंद झाले. जाता जाता मी वॉर्डातून निघालो, तर त्या रुग्णाने हाक मारली.

"सायेब, त्या दुसऱ्या पोराचं काय झालं?"

"का रे?"

"न्हाय, म्हनलं चांगलं होतं. पयल्यानं तर नळी लावलीच न्हाय. मीच सांगितलं त्याला, माझा डावीकडचा व्हॉल बारीक झालाय, घरघर येती. तीन परीक्षा झाल्या माझ्या आजवर, सगळं पाठ हाय. दुसऱ्यालाबी सांगाया गेलो, तर म्हनला, 'मामा, सांगू नका. मला माझं ऐकू द्या.'"

वाचकहो, परीक्षकांची खोली तिथून वीस पावलांवर होती. पाकीट फोडता आले असते की नाही, कोण जाणे. पण मी ती वीस पावले चाललो नाही. गाडीची वेळ झाली आहे, असे मी स्वतःला सांगितले. पुढच्या परीक्षेत तो मुलगा उत्तीर्ण झाल्याचे कानावर आले. त्याचे सहा महिने मात्र माझ्या खाती जमा आहेत.

हे सारे मी नातीला सांगितले. ती थोडा वेळ झोपाळा हलवायची थांबली. मग म्हणाली, "पण आजोबा, त्याला घरघर ऐकू आलीच नव्हती ना? मग गुण कमी मिळणारच."

प्रश्न बरोबर होता, आणि म्हणूनच ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. जो मनाने चांगला त्याला घरघर ऐकू येण्याची गरज नाही, असे मी म्हणणार नाही. सुश्रुताने एके ठिकाणी म्हटले आहे की नुसते शास्त्र जाणणारा आणि नुसती क्रिया जाणणारा, दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे. त्याने तर शिष्यांच्या हातांसाठी निराळा अध्यायच लिहिला. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा, शिरेचा वेध कमळाच्या देठावर, पट्ट्या बांधणे कापडी बाहुलीवर. प्रत्येक कामाला निराळी वस्तू! आमच्या सौ.ना हा अध्याय वाचून दाखवला तर त्या म्हणतील, यात नवीन ते काय?

तेव्हा त्या मुलाचे गुण कुठेतरी कापले जाणारच होते. परंतु मी त्या पाऊण तासात खोलीत असतो तर काय झाले असते? पहिल्याने स्टेथोस्कोप खिशातून काढला नाही, हे दिसले असते. दुसऱ्याने मन लावून ऐकले, पण रुग्णाला कुशीवर वळवले नाही, हेही दिसले असते. "वळव त्यांना डाव्या कुशीवर," एवढेच सांगायचे होते. पाच मिनिटांत त्याला आयुष्यभराची घरघर ऐकू आली असती. मी ज्याला परीक्षा समजत होतो ती वक्तृत्वाची होती. ऐकण्याची परीक्षा घ्यायची असेल तर ऐकणाऱ्याजवळ बसावे लागते.

या विचाराने त्रासलेला मी एकटाच नव्हतो. स्कॉटलंडमध्ये डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 सालीच एक नवी तऱ्हा मांडली होती. ओळीने टेबले मांडायची. एकावर रक्तदाब मोजा, दुसऱ्यावर क्ष-किरण चित्र वाचा, तिसऱ्यावर रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोला. घंटा झाली की पुढच्या टेबलावर. परीक्षकापुढे छापील तक्ता. केले तर खूण, नाही तर नाही. सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. वशिल्याला आणि परीक्षकाच्या लहरीला त्यात वाव थोडा. मात्र उणीव अशी की माणूस तुकड्यांत वाटला जातो : एका टेबलावर छाती, दुसऱ्यावर पोट, आणि घंटा झाली की दुःख अर्ध्यावर सोडून पुढे.

मग 1990 साली जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षकाने चार पायऱ्यांचा मनोरा कल्पिला. सर्वांत खाली, माहीत आहे. त्यावर, कसे करायचे ते माहीत आहे. त्यावर, करून दाखवतो. आणि शिखरावर, रोजच्या कामात खरोखर करतो. पहिल्या दोन पायऱ्या लेखी परीक्षेने मोजता येतात, तिसरी हार्डनच्या टेबलांवर. चौथीसाठी मात्र वॉर्डातच जावे लागते आणि काम चालू असताना पाहावे लागते. तेही एकदा नव्हे. एका दिवशी एकाच परीक्षकाने पाहिलेले फसवे असू शकते. निरनिराळ्या शिक्षकांनी, निरनिराळ्या रुग्णांपाशी, थोडे थोडे पुष्कळदा पाहावे, आणि पाहिल्यावर काय चुकले ते तिथेच सांगावे. नातीच्या सरांनी केले ते हेच.

"म्हणजे लॉगबुक चांगलं?" नातीने विचारले आणि स्वतःच हसली. "आमच्यातल्या काहींनी तर ते परीक्षेच्या आदल्या रात्री भरलं. खरं वाटावं म्हणून तीन रंगांच्या पेनांनी!"

मीही हसलो. कोणतीही पद्धत घ्या, तिला चकवणारे सापडणारच. आणि मुलांनाच का दोष द्यावा? पदवीनंतर पुढच्या शिक्षणाची दारे उघडतात ती दोनशे बहुपर्यायी प्रश्नांनी. ते प्रश्न निरुपयोगी नव्हेत. हजारो मुलांचे ज्ञान एका मापाने, पक्षपात न करता मोजायचे तर याहून स्वस्त साधन नाही. परंतु ज्या परीक्षेवर आयुष्य अवलंबून, तिचाच अभ्यास होणार. मग रुग्णसेवेच्या वर्षातली मुले वॉर्ड टाळून प्रश्नसंच सोडवत बसतात. त्या क्षयरोग्याच्या आईचा प्रश्न त्या दोनशेंत येत नाही.

चौथ्या पायरीची परीक्षा मी एकदाच डोळ्यांनी पाहिली, आणि तीही मिलरने मनोरा रचण्यापूर्वी, आपल्याच जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले; पुढे 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडून द्यायची, तिने दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचे आणि परत जाऊन गाव सांभाळायचे, अशी त्यांची रीत. या आरोग्यसेविकांपैकी पुष्कळजणी निरक्षर, पुष्कळजणी दलित. मी तरुण होतो, पदव्यांची घमेंड होती. एका सेविकेला विचारले, "बाई, जुलाबात अंगातलं पाणी कमी होतं म्हणजे नेमकं काय होतं?"

तिने व्याख्या सांगितली नाही. शेजारच्या मुलाला मांडीवर घेतले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "हे झटकन बसलं, म्हंजी पोरगं बरं हाय. असंच उभं ऱ्हायलं की समजायचं." मग मीठ-साखरेचे पाणी करून आधी स्वतः चाखले. "आसवांपरीस खारट नको." मी कोणत्याही पुस्तकात याहून चांगले प्रमाण वाचलेले नाही.

तिला प्रमाणपत्र कोण देणार होते? तिची परीक्षा गाव घेत होते. किती मुले जन्मली, किती वाचली, कोणाला लस टोचली, याचा हिशेब ठेवला जाई. सुरुवातीला त्या गावांत जन्मणाऱ्या हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत; नव्वदच्या दशकात तो आकडा तीसच्या खाली आला. अर्थात आकड्यालाही मर्यादा आहेत. पाऊस, रस्ते, धान्य, विहिरीचे पाणी यांचाही त्यात वाटा असतो आणि एका डॉक्टरचे यश असे निराळे काढता येत नाही. म्हणूनच एका परीक्षेने भागत नाही. ज्ञानाला लेखी, हाताला टेबले, वागण्याला शेजारी बसलेले डोळे, आणि साऱ्या खटाटोपाला शेवटी गाव.

ओले टेन काटे या डच शिक्षकाने 2005 साली हेच फार साध्या शब्दांत आणले. परीक्षकाने स्वतःला विचारावे : हे काम मी या मुलावर सोपवून निघून जाऊ शकतो का? अजून शेजारी उभे राहायला हवे, की हाकेच्या अंतरावर असले तरी पुरे? गुणांपेक्षा विश्वास मोजायचा. ते वाचले तेव्हा मला पुन्हा तो वॉर्ड आठवला. माझ्या आईला धाप लागली असती, तर त्या दोघांपैकी कोणावर मी तिला सोपवले असते? ज्याने न ऐकता सांगितले त्याच्यावर खासच नाही.

संध्याकाळी नातीने विचारले, "आजोबा, तो आवाज खरंच जात्यासारखा येतो? मी अजून ऐकला नाही." माझी झडप शाबूत असल्याने मी तिच्या उपयोगाचा नव्हतो. तरी तिने मला पलंगावर निजवले, डाव्या कुशीवर वळवले आणि स्टेथोस्कोप टेकवण्याआधी त्याची घंटी तळहातात धरून ऊब दिली. बराच वेळ ऐकले.

"काय ऐकू आलं?"

"काहीच वेगळं नाही," ती म्हणाली. "आणि आजोबा, त्या बाईंना फोन करता येईल. नंबर आहे वॉर्डात. ताटाचं सांगायचं राहिलंय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. लाडवांचा दुसरा घाणा होता. मीही उंबरठ्यापर्यंत गेलो. नातीने बशीतला थेंब बोटांत धरला, बोटे विलग केली. एक लांब, सरळ तार निघाली.

"झाला," ती म्हणाली.

मी सौ.कडे पाहिले. सकाळपासून प्रत्येक थेंबाला त्यांनी स्वतः बोट लावून पाहिले होते. या वेळी त्यांनी नुसते नातीच्या तोंडाकडे पाहिले, हात पदराला पुसले आणि तुळशीपुढे दिवा लावायला अंगणात निघून गेल्या.